जनगणनेतली किंवा रेशनकार्डावरची घराची नोंद वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये कशी भरावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चुलत पणजोबा डॉक्टरकी शिकायला लंडनला गेले होते आणि १९२१ च्या तिथल्या जनगणनेत ते एका इंग्रज कुटुंबाच्या घरी राहत असल्याचं सापडलं. इकडे सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या वाड्याची जुनी रेशनकार्डंही हाती लागली. हे सगळं ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरताना प्रत्येकाच्या नावावर वेगळी नोंद करायची की सगळ्यांची मिळून एकच? आणि आपल्या जनगणनेतली घरातल्या माणसांची नावं कुठे बघायला मिळतात?

एकच करा. एका घराची, एका दिवसाची एक नोंद, आणि त्या दिवशी त्या घरात असलेली सगळी माणसं तिला जोडलेली. मी सोलापूरचाच आहे, आमच्या भावकीची आणि बायकोच्या माहेरची अशा दोन्ही वंशावळी ग्रॅम्प्समध्येच ठेवतो, आणि या बाबतीत माझं मत ठाम आहे. एकच कागद सात जणांच्या नावावर सात वेळा भरला की पुढे पत्ता दुरुस्त करताना तीन ठिकाणी दुरुस्त होतो आणि चार ठिकाणी तसाच राहतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे ही माणसं एका छपराखाली होती ही माहितीच विखरून जाते, आणि असल्या कागदाची खरी किंमत तर तीच असते.

आधी लंडनचा कागद घेऊ. इंग्लंड-वेल्सची १९२१ ची जनगणना हा सगळा मिळून एक 'सोर्स', म्हणजे माहितीचा मूळ आधार. तुमच्या हातातला तक्ता हे त्यातलं एक 'सायटेशन', म्हणजे त्या आधारातला नेमका संदर्भ; त्यात संकेतस्थळावर दिलेले संदर्भ क्रमांक जसेच्या तसे उतरवा आणि चित्र जोडा. मग 'सेन्सस' प्रकारची एक घटना करा. तारीख १९ जून १९२१. पुष्कळ जण इथे एप्रिल घालतात, कारण जनगणना २४ एप्रिलला व्हायची होती. कोळसा खाणींमधल्या संघर्षामुळे ती पुढे ढकलली गेली. वय त्या दिवसापासून मागे मोजायचं असल्यामुळे हे दोन महिने महत्त्वाचे आहेत. सायटेशन घटनेला लावा. त्यानंतर प्रत्येक माणसाच्या पानावर जाऊन नवी घटना तयार करू नका, तर 'शेअर'चं बटण वापरून हीच घटना उचला.

उचलताना एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात वरच्या भागात त्या माणसापुरती माहिती असते आणि खालच्या भागात सगळ्यांची सामाईक. वय, व्यवसाय, कुटुंबप्रमुखाशी नातं हे वरच्या भागात 'अ‍ॅट्रिब्यूट' म्हणून भरायचं. पत्ता आणि तारीख खाली. ही विभागणी एकदा अंगवळणी पडली की अर्धं काम झालं.

त्याच खिडकीत 'रोल' विचारतात. तिथे 'प्रमुख', 'भाडेकरू', 'मुलगा' असं काही लिहावंसं वाटेल, पण मी सगळ्यांना 'प्रायमरी' हाच रोल देतो आणि नातं अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवतो. कारण उद्या तुम्ही अमेरिकेतल्या चुलतभावाला फाइल पाठवाल ती जेडकॉम स्वरूपात, म्हणजे वंशावळीची सॉफ्टवेअरं एकमेकांत देवाणघेवाण करतात त्या स्वरूपात, आणि जेडकॉम ५.५.१ मध्ये अनेक माणसांनी मिळून वापरायच्या घटनेची सोयच नाही. ग्रॅम्प्स ती घटना ज्याच्या त्याच्या नावावर वेगळी करून पाठवतं, पण फक्त 'प्रायमरी' असलेल्यांची. बाकीच्यांची नोंद मागेच राहते, आणि राहिली हे कुणी सांगतही नाही. पाठवण्याआधी ती फाइल एका रिकाम्या नव्या वंशावळीत उघडून दोन-तीन माणसं तपासून बघा.

आता तुमच्या पणजोबांची ओळ. नात्याच्या रकान्यात 'बोर्डर' असेल, म्हणजे पैसे देऊन राहणारा-जेवणारा. ग्रॅम्प्समध्ये 'फॅमिली' म्हणजे एक जोडपं आणि त्यांची मुलं, तेव्हा ही घटना त्या इंग्रज कुटुंबाच्या 'फॅमिली'ला लावली तर पणजोबा बाहेरच राहतील. घटना माणसांना लावा. घरमालक, त्याची बायको, मुलं यांच्यासाठी वेगळी पानं उघडायची गरज नाही. घटनेच्या टिपेत त्यांची नावं ओळीने उतरवली की पुरे. पण त्याच घरात दुसरा कोणी भारतीय विद्यार्थी असेल तर त्याचं पान मात्र जरूर उघडा. पुढे पत्रांत, फोटोंच्या मागे, कॉलेजच्या यादीत तेच नाव पुन्हा दिसण्याची शक्यता असते.

१९२१ चा तक्ता घरमालकाने स्वतः भरून दिलेला असायचा. म्हणजे तुमच्या पणजोबांचं नाव एका इंग्रज माणसाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असू शकतं. ते सुधारू नका. मूळ नाव आहे तसं ठेवून हे 'पर्यायी नाव' म्हणून घाला आणि त्यालाही तेच सायटेशन लावा. जन्मस्थळाच्या रकान्यात इंग्रजी वळणाचं 'शोलापूर' असेल. त्यासाठी नवं ठिकाण करायचं नाही. सोलापूरच्याच पानावर ते पर्यायी नाव म्हणून जाईल. ठिकाण कशात मोडतं हेही काळानुसार भरता येतं: आधी मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. भावकीतलं कोणी अक्कलकोटचं असेल तर १९४८ पर्यंत ते संस्थान होतं हे लक्षात असू द्या. धाराशिवकडचं असेल तर तो भाग तेव्हा निजामाचा, त्यामुळे जुनी दप्तरंही वेगळीकडे.

वयाचा रकाना सगळ्यांत रसाळ. या जनगणनेत वय वर्षं आणि महिन्यांत विचारलं होतं. समजा २३ वर्षं ४ महिने लिहिलं आहे. १९ जून १९२१ पासून मागे गेलं तर जन्म १८९८ च्या जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या तीन आठवड्यांत पडतो. ही तारीख जन्माच्या घटनेत भरताना 'कॅल्क्युलेटेड' हा दर्जा द्या, आणि अ‍ॅट्रिब्यूटमध्ये कागदावरचं '२३ वर्षं ४ महिने' तसंच राहू द्या. आधीपासून दुसरी जन्मतारीख असेल तर ती पुसू नका. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख किती जणांची असते ते तुम्हाला माहीत आहे; गुरुजींनी नाव दाखल करताना घातलेली. अशा तारखेपुढे लंडनचा महिन्यापर्यंतचा अंदाज मला जास्त भरवशाचा वाटतो. तरी दोन्ही ठेवा, आणि कोणती का धरली ते दोन ओळींत लिहा.

शेजारच्या रकान्यात 'विवाहित' असेल तर तेही सोडू नका. बायको सोलापुरात, नवरा लंडनमध्ये, आणि लग्न १९ जून १९२१ च्या आधी झालेलं. लग्नाचं दुसरं काहीच हाती नसेल तर 'त्याआधी' एवढी तारीखसुद्धा मोलाची आहे.

रेशनकार्डाला हीच पद्धत लागू पडते, पण त्याची प्रकृती वेगळी. जनगणना एका दिवसाची असते, कार्ड वर्षानुवर्षं चालतं. मध्येच नाव चढतं, नाव कमी होतं. म्हणून तारखेत 'अमुक ते तमुक' असा काळ घाला आणि प्रत्येक शेऱ्याची वेगळी नोंद ठेवा. 'नाव कमी केले' आणि खाली तारीख, हे मुलीच्या नावापुढे असेल तर बहुतेक वेळा लग्न, म्हाताऱ्या माणसाच्या नावापुढे असेल तर बहुतेक वेळा मृत्यू. 'बहुतेक' म्हटलं, कारण कार्ड दुसऱ्या गावी नेतानाही नाव कमी करतात, आणि लग्नानंतर वर्ष-दोन वर्षं नाव तसंच ठेवणारी घरंही पुष्कळ. तेव्हा या शेऱ्यावरून लग्नाची तारीख ठरवायची नाही. 'या सुमारास' एवढंच.

एका वाड्यात तीन कार्डं सापडली तर तीन कुटुंबं झाली असंही धरू नका. साखर-रॉकेल सुटं मिळावं म्हणून भावाभावांनी कार्डं वेगळी केली आणि चूल एकच राहिली, हे आपल्या पेठांतून सर्रास झालं. जनगणनेची कुटुंबाची व्याख्या सामाईक स्वयंपाकघरावर उभी आहे, कार्डाची तशी नसते. ज्या कागदावर जी माणसं दिसतात तेवढीच त्या घटनेत जोडा. वाटण्या कधी झाल्या ते मोठ्या माणसांना विचारून वेगळं लिहा.

कुटुंबप्रमुख कोण, हे आधी बघा, कारण बाकी सगळी नाती त्याच्यापासून मोजलेली असतात. जुन्या कार्डावर आजोबा प्रमुख असतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर घरातली १८ वर्षांवरची सगळ्यांत मोठी स्त्री प्रमुख धरली जाते. म्हणजे जुन्या कार्डावर 'सून' असलेली बाई नव्या कार्डावर स्वतः प्रमुख, आणि जो 'नातू' होता तो आता 'मुलगा'. माणसं तीच, मोजायची खुंटी बदलली. शिवाय प्रमुखाची बायको म्हणजे प्रमुखाच्या मुलांची आई असंच नसतं. पहिली वारली आणि दुसरी आली, हे त्या पिढीत घरोघरी होतं. कागद आई-मुलाचं नातं सांगत नसेल तर तुम्हीही त्यावरून ते जोडू नका.

बायकांच्या नावांना तर फार जपा. कार्डावर सासरचं नाव असतं, आणि लग्नात पाळण्यातलं नावही बदललेलं असतं. माहेरचं नाव मुख्य ठेवून सासरचं 'मॅरिड नेम' म्हणून घाला. माहेरचं कळलंच नाही तर ती जागा रिकामी सोडा, सासरचं आडनाव तिथे ढकलू नका. नाहीतर पुढच्या पिढीला ती बाई त्याच घरात जन्मली असं वाटेल. व्यवसायाचंही तेच. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात ज्या आजीने जन्मभर विड्या वळल्या आणि घर चालवलं, तिच्यापुढे कागदोपत्री 'घरकाम' लिहिलेलं असतं. कागदावरचं 'घरकाम' त्या कागदाच्या नोंदीत राहू द्या, आणि विडी कामगाराचं ओळखपत्र किंवा घरच्यांचं सांगणं हा वेगळा सोर्स धरून तिचं खरं काम तिच्या पानावर लिहाच.

भारतीय जनगणनेबद्दल मात्र निराश करावं लागतंय. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे प्रगणकाने भरलेल्या नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. ब्रिटनमध्ये १०० वर्षांनी, अमेरिकेत ७२ वर्षांनी घरनिहाय तक्ते खुले होतात. आपल्याकडे तशी मुदतच नाही. जिल्हा जनगणना पुस्तिका मिळतात, त्यांत गावाचे आणि शहराचे आकडे असतात, माणसांची नावं नसतात. 'सोलापूरची जुनी जनगणना काढून देतो' म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

त्याऐवजी जुन्या मतदार याद्या बघा. त्या घरक्रमांकाप्रमाणे लावलेल्या असतात आणि वय कोणत्या तारखेचं हे यादीवरच छापलेलं असतं, म्हणून जनगणनेच्या सगळ्यांत जवळ जाणारा कागद तोच. फक्त मुलं त्यात नसतात. गावाकडचं मूळ असेल तर तहसील कार्यालयातलं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४. कुणबी नोंदींच्या शोधामुळे हे नाव आता घरोघरी पोचलंय. जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा सोबत न्या. आणि तुमच्या घरी हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवणारे लोक, येत असतील तर त्यांनी वहीतून वाचलेली वंशावळ ध्वनिमुद्रित करून ठेवा. पण ती घराची नोंद म्हणून भरू नका, तिथे राहत्या घराचा आणि दिवसाचा उल्लेख नसतो. ती ज्याच्या त्याच्या वंशाचा सोर्स म्हणून जोडा.

हयात माणसांच्या पानांवर कुलपाचं चिन्ह लावा आणि फाइल बाहेर पाठवताना खासगी नोंदी वगळा. कार्डाचे फोटो चढवण्याआधी आधार आणि बँकेचे आकडे झाका.

तुमच्या रेशनकार्डांच्या मागच्या पानांवर शेरे आहेत का? असतील तर आकडे झाकून त्यातला मजकूर इथे टाका, कोणता शेरा कुठे भरायचा ते ओळीने सांगतो.