गाडीत आणि घरी डिजिटल हॅम सेट: काय घ्यावं, कसं बसवावं

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा, परवाना हातात आलाय, अ‍ॅनालॉगचा एक हातातला सेट आहे, आता गाडीत एक आणि घरी एक डिजिटल सेट लावायचाय, तर डिजिटलच्या तीन पद्धतींपैकी (यांना मोड म्हणतात) डीएमआर घेऊ की डी-स्टार की फ्यूजन, आणि दोन्हीकडे एकच मॉडेल चालेल का, असं तुम्ही विचारलंय. थोडं सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः यात बराच वेळ घालवलाय आणि तो वेळ तुमचा वाचावा असं मनापासून वाटतं.

मोड कुठला चांगला याच्यावर लोक तासन् तास बोलतात, पण तुमच्यासाठी खरा प्रश्न एवढाच की तुमच्या टप्प्यात रिपीटर (सिग्नल ऐकून तो पुन्हा लांबवर पाठवणारं केंद्र) कुठल्या मोडचा आहे आणि ज्यांच्याशी रोज बोलायचंय ते कुठल्या मोडवर आहेत. हे तिन्ही मोड हवेत एकमेकांशी बोलू शकत नाहीत, डीएमआरच्या सेटला डी-स्टारचा सिग्नल म्हणजे नुसता गोंगाट. इंटरनेटमार्गे एका मोडमधून दुसऱ्यात जाता येतं, पण ती नंतरची गोष्ट. आधी आठवडाभर आजूबाजूच्या जुन्या हॅमना विचारा, रिपीटरची यादी बघा, मग ठरवा. आणि टप्प्यात डिजिटल रिपीटरच नसेल तर हॉटस्पॉट लागणार, त्याबद्दल खाली लिहितो.

थोडक्यात फरक सांगायचा तर डीएमआर हे मुळात व्यावसायिक वॉकीटॉकींसाठी ईटीएसआय या युरोपियन संस्थेनं २००५ मध्ये आणलेलं मानक आहे, साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलमध्ये ३० मिलीसेकंदांचे दोन टाइमस्लॉट आळीपाळीनं चालतात, म्हणजे एका रिपीटरवर एकाच वेळी दोन वेगळी संभाषणं. सेट पुष्कळ कंपन्यांचे मिळतात आणि तिन्हींत सहसा स्वस्तही हेच पडतात, पण कोडप्लगची, म्हणजे सेटमध्ये भरायच्या सेटिंगच्या फाइलची, डोकेदुखी इथेच सगळ्यात जास्त. डी-स्टार जपानच्या जेएआरएल या हॅम संघटनेनं खास हॅमसाठी बनवलं, सगळं कॉलसाइनवर (परवान्यासोबत मिळालेलं तुमचं ओळखचिन्ह) चालतं, सेट मुख्यतः आयकॉमचे आणि काही केनवूडचे. जीपीएस असलेल्या आयकॉमच्या सेटमध्ये जवळचे रिपीटर शोधून देण्याची सोय असते, गाडीनं लांब फिरणाऱ्याला ती फार उपयोगी पडते. फ्यूजन, म्हणजे सी४एफएम, यासूनं २०१३ मध्ये आणलं आणि वापरायला तेच सगळ्यात सोपं, समोरचा अ‍ॅनालॉगवर आला की सेट आपोआप अ‍ॅनालॉगवर जातो. घरातल्या दुसऱ्या कुणी परवानाधारकानं तोच सेट वापरायचा असेल तर हा मुद्दा लहान नाही.

आता माझं मुख्य म्हणणं. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की खरखर वाढते, म्हणजे काहीतरी बिघडतंय हे कान आपल्याला आधीच सांगतो. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करणारी यंत्रणा आत बसलेली असते, ती शेवटपर्यंत आवाज स्वच्छ ठेवते, मग थोडा वेळ आवाज पाण्यात बुडल्यासारखा तुटक येतो आणि मग एकदम शांतता. मधलं काही नाही. त्यामुळे अँटेना वाईट, केबल वाईट, वायरमध्ये व्होल्टेज पडतंय, इंजिनाचा आवाज घुसतोय की कोडप्लग चुकलाय, या पाचही दोषांचं लक्षण एकच, सेट गप्प. म्हणून डिजिटलमध्ये सगळं क्रमानं करायचं, एक गोष्ट पक्की झाली की मग दुसरी, आणि प्रत्येक पायरी आधी साध्या एफएमवर तपासायची. हे सगळे सेट अ‍ॅनालॉग एफएमसुद्धा करतात, ते तुमचं तपासणीचं हत्यार आहे असंच समजा.

दोन्हीकडे एकच मॉडेल का? हो, जमत असेल तर तेच करा. गाडीसाठी बनवलेला ५० वॅटचा सेट (याला मोबाइल म्हणतात, फोनशी गल्लत नको) घरी १३.८ व्होल्टच्या पॉवर सप्लायवर लावला की तोच तुमचा घरचा सेट, व्हीएचएफ यूएचएफसाठी बहुतेक लोक हेच करतात. फायदा हा की कोडप्लग एकच, तो भरायची केबल एकच, बटणं डोळे मिटून सापडतात, जे गाडीत फार महत्त्वाचं आहे. डीएमआरचा सात आकडी आयडी कॉलसाइन दाखवून एकदाच घ्यायचा, तोच दोन्ही सेटमध्ये टाकायचा. गाडीसाठी बघताना मात्र पुढची पट्टी वेगळी काढता येते का ते बघा, म्हणजे जड भाग सीटखाली किंवा डिकीत आणि फक्त डिस्प्ले समोर. हल्लीच्या गाड्यांत डॅशबोर्डवर जागाच नसते.

घरापासून सुरुवात करा, गाडी नंतर. घरी एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते दाखवणारा) टेबलावर असतो, लॅपटॉप शेजारी असतो, चुका निवांत सापडतात.

घरी सगळ्यात जास्त खर्च अँटेना आणि कोएक्सवर, म्हणजे सेटपासून अँटेनापर्यंतच्या केबलवर, करा, सेटवर नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण आधी सेटच घेतो. हिशोबच करून बघा, आरजी-५८ ही बारीक केबल ७० सेंटीमीटर बँडवर (म्हणजे यूएचएफवर) १०० मीटरला साधारण ३५ डेसिबल खाते, म्हणजे गच्चीपर्यंत २० मीटर नेली तर ७ डेसिबल गेले, ५० वॅटमधले जेमतेम १० वॅट अँटेनाला पोचतात. तेवढ्याच लांबीला एलएमआर-४०० ही जाड केबल वापरली तर पावणेदोन डेसिबलच्या आसपास जातात आणि ३३ वॅट पोचतात. आणि ऐकतानाही तेवढंच नुकसान होतं हे लोक विसरतात, तिथे पॉवर वाढवून काही होत नाही. अँटेना साधी ड्युअल बँड व्हर्टिकल (दोन्ही बँडवर चालणारी उभी) चालेल, पण उंच आणि मोकळी हवी. बाहेरच्या जोडांवर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप गच्च गुंडाळा, कोएक्समध्ये एकदा पाणी शिरलं की ती केबल गेली. अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टर पहिल्या दिवशीच बसवायचा, नंतर बघू म्हटलं की राहतं.

पॉवर सप्लाय सलग २० अँपिअर देणारा घ्या, ५० वॅटवर सेट १० ते १२ अँपिअर ओढतो आणि थोडी सूट हवीच. डीएमआरमध्ये बोलताना ट्रान्समीटर निम्माच वेळ चालू असतो त्यामुळे सेट कमी तापतो, डी-स्टार आणि फ्यूजनमध्ये मात्र पूर्ण वेळ चालू, तिथे लांब गप्पा मारायच्या तर २५ वॅटवर या. निम्मी पॉवर म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी, समोरच्याला फरकही कळत नाही.

मग कोडप्लग, डीएमआर धरून सांगतो. सगळ्यात आधी सेटमध्ये जे काही भरलेलं आहे ते कॉम्प्युटरवर वाचून घेऊन तसंच सेव्ह करून ठेवा, मगच हात लावा. दुसऱ्याचा तयार कोडप्लग आयता घालू नका, निदान सुरुवातीला तरी, कारण त्यात काय चुकलंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही. एकच रिपीटर, दोन टॉकग्रुप (एकत्र बोलणाऱ्यांचे आकड्यांनी ओळखले जाणारे गट), एवढाच कोडप्लग स्वतः बनवा. क्रम असा की आधी तुमचा आयडी, मग टॉकग्रुप कॉन्टॅक्टमध्ये, मग ऐकायच्या ग्रुपची यादी, मग चॅनेल, आणि शेवटी ते चॅनेल झोनमध्ये (चॅनेलच्या गटात) टाकायचे, झोनमध्ये नसलेलं चॅनेल सेटवर दिसतच नाही. चॅनेलमध्ये फ्रिक्वेन्सी, शिफ्ट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर), कलर कोड (० ते १५ पैकी रिपीटरचा जो असेल तो), टाइमस्लॉट आणि टॉकग्रुप, यातलं एक जरी चुकलं तरी काम होत नाही.

माझं सांगतो. माझ्या पहिल्या डीएमआर सेटवर मी जवळजवळ तीन आठवडे रोज संध्याकाळी कॉल देत होतो आणि उत्तर काही येत नव्हतं. मला वाटलं अँटेना, ती बदलली. मग वाटलं सेटच खराब आलाय. शेवटी एका ज्येष्ठ हॅमनी घरी येऊन डिजिटल मॉनिटर चालू करायला लावला, म्हणजे कुठलाही टॉकग्रुप असो जे येतंय ते सगळं ऐकायचं, आणि त्याच क्षणी कुणीतरी माझं कॉलसाइन घेऊन मला उत्तर देत होतं. ऐकायच्या ग्रुपची यादी मी रिकामी ठेवली होती. त्या तीन आठवड्यांत किती जणांनी उत्तर दिलं असेल आणि मी गप्पच राहिलो असेन याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून काहीच ऐकू येत नसेल तर सगळ्यात आधी डिजिटल मॉनिटर. आणि टॉक परमिट टोन चालू ठेवा, पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबल्यावर रिपीटरनं उत्तर दिलं तरच तो टोन चांगला वाजतो, नाहीतर नकाराचा वाजतो. टोन चांगला येतोय तरी पलीकडून शांतता असेल तर फ्रिक्वेन्सी आणि कलर कोड बरोबर आहेत, मग टाइमस्लॉट नाहीतर टॉकग्रुप तपासा.

हॉटस्पॉट म्हणजे रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर बसवलेला छोटासा १० मिलीवॅटचा ट्रान्सीव्हर, तो इंटरनेटवरून तुम्हाला ब्रँडमायस्टरसारख्या नेटवर्कला जोडतो. एकच अँटेनावाला सिम्प्लेक्स हॉटस्पॉट असेल तर चॅनेलमध्ये टाइमस्लॉट २ ठेवा. फ्रिक्वेन्सी तुमच्या देशाच्या बँडप्लॅनमध्ये बसणारी घ्या आणि ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या मध्ये मुळीच नको, तो पट्टा उपग्रहांसाठी आहे आणि तिथे लोक फार क्षीण सिग्नल ऐकायचा प्रयत्न करत असतात. आवाज तुटत असेल तर हॉटस्पॉटच्या डॅशबोर्डवर (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानावर) बीईआर, म्हणजे चुकलेल्या बिट्सचं प्रमाण, बघा, एक टक्क्याच्या आत हवा, जास्त असेल तर ऑफसेट (फ्रिक्वेन्सीची बारीक दुरुस्ती) थोडा थोडा बदलत जा, या स्वस्त बोर्डांचे क्रिस्टल काहीशे हर्ट्झ इकडेतिकडे असतात. आणि ५० वॅटचा सेट शेजारच्या टेबलावरच्या हॉटस्पॉटवर पूर्ण पॉवरनं कधीच चालवू नका, पॉवर सगळ्यात कमी ठेवा. त्यापेक्षा हॉटस्पॉटसाठी हातातला डिजिटल सेटच बरा.

एवढं झालं की ब्रँडमायस्टरवर ९९९० ला प्रायव्हेट कॉल करून बोला, तो तुमचाच आवाज परत ऐकवतो, त्याला पॅरट म्हणतात. माइक तोंडापासून चार बोटं लांब, जरा बाजूला धरायचा. डिजिटलचा व्होकोडर (आवाजाचं आकड्यांत रूपांतर करणारा भाग) माणसाच्या आवाजासाठी बनवलेला आहे, मागे पंखा किंवा टीव्ही चालू असेल तर तो त्यालाही आवाज समजून सगळं कालवून टाकतो. पीटीटी दाबल्यावर एक सेकंद थांबा मग बोला, आणि दोघांच्या बोलण्यात दोन-तीन सेकंदांची फट सोडा म्हणजे तिसऱ्याला आत येता येईल.

आता गाडी. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून ५० वॅटचा सेट चालवू नका, त्याची वायर बारीक असते आणि फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचा, बोलायला लागलात की व्होल्टेज पडतं आणि सेट मध्येच बंद होतो. माझ्याकडे हेच झालं होतं, ऐकायला छान यायचं आणि पीटीटी दाबली की डिस्प्ले विझायचा. थेट बॅटरीवरून घ्या. पाच मीटर लांब, ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर धरून १२ अँपिअरला साधारण अर्धा व्होल्ट पडतो, तेवढं चालतं, त्याहून बारीक घेऊ नका. पॉझिटिव्हचा फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, सेटजवळ नाही, कारण तो वायर वाचवण्यासाठी असतो. नवीन गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो, अशा वेळी निगेटिव्ह वायर बॅटरीच्या खांबाला न लावता जिथे गाडीची स्वतःची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते तिथे लावा. इंजिनाच्या भिंतीतून वायर आणताना रबराचा ग्रोमेट हवाच, पत्र्याची धार हळूहळू वायर कापते. आणि एअरबॅगच्या जागा गाडीच्या पुस्तकात बघून ठेवा, त्यांच्या समोरून ना वायर न्यायची ना डिस्प्ले बसवायचा.

अँटेना छताच्या मधोमध सगळ्यात उत्तम, चारी बाजूंना सारखा पत्रा मिळतो. छताला भोक पाडायचं धाडस नसेल तर चुंबकाचा माउंट चालतो, पण खाली धूळ साठते आणि रंग जातो, दर थोड्या दिवसांनी उचलून पुसा. दोन मीटर बँडची (म्हणजे व्हीएचएफची) पाव-तरंग काठी साधारण ४९ सेंटीमीटर लांब असते आणि तीच ७० सेंटीमीटरवरही बऱ्यापैकी चालते, सुरुवातीला तेवढी पुरे. एसडब्ल्यूआर मोजताना गाडी मोकळ्यावर, दारं बंद.

बसवून झालं की लगेच डिजिटलवर जाऊ नका. एफएमवर या, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडा, इंजिन बंद ठेवून एखादा क्षीण सिग्नल ऐका, मग इंजिन, एसी, वायपर, फोनचा चार्जर एकेक करून चालू करा. ज्या क्षणी तो सिग्नल गोंगाटात बुडेल ती वस्तू तुमचा डिजिटलचा टप्पा कमी करतेय. बहुतेक वेळा फोनचा चार्जरच निघतो, तो बदला किंवा त्याच्या वायरवर फेराइट (गोंगाट अडवणारं कडं) लावा. ही तपासणी डिजिटलवर करताच येत नाही, तिथे तुम्हाला फक्त कधीकधी रिपीटर लागत नाही एवढंच दिसेल.

गाडीत हॉटस्पॉट ठेवायचा असेल तर पाय झीरो डब्ल्यूला (रास्पबेरी पायचं छोटं मॉडेल) फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं, फोनचं टेदरिंग पाच गिगाहर्ट्झवर असेल तर तो जोडलाच जात नाही.

गाडीसाठी वेगळा झोन बनवा, त्यात आठ-दहाच चॅनेल, नेहमीच्या रस्त्यावर जसे रिपीटर येतात त्या क्रमानं, म्हणजे नजर रस्त्यावर ठेवून नॉब एक घर पुढे केला की झालं. पहिली फेरी एकट्यानं मारू नका, शेजारी कुणीतरी वही घेऊन बसवा, कुठे आवाज तुटतो, कुठे परत येतो ते लिहून घ्या. चालत्या गाडीत पुलाखाली, उंच इमारतींच्या मध्ये सिग्नल दोन-तीन वाटांनी येतो आणि फुल मीटर असूनही शब्द गळतात, ते तुमच्या बसवण्यातलं चुकलेलं नाही, पाच-दहा मीटर पुढे गेलात की परत ठीक होतं. तीच जागा दोन वेगळ्या दिवशी गप्प निघाली तरच परत अँटेनाकडे वळा.