कॅनडाच्या अर्जात नोकरीचा अनुभव कसा मोजतात?

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत तीन वर्षांपासून टूल अँड डाय मेकर आहे. आठवड्याला ४८ तास भरतात. त्याआधी आठ महिने बिनपगारी उमेदवारी केली. कुशल कामगारांना कॅनडात कायम वास्तव्य देणाऱ्या फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत हे सगळे धरले जाईल का?

उत्तर : उमेदवारीचे आठ महिने सोडून द्या, या योजनेत बिनपगारी काम अनुभव म्हणून धरत नाहीत. तासही आठवड्याला ३० पर्यंतचेच मोजतात, त्यामुळे ४८ तास राबूनही एका वर्षाचे दीड वर्ष होत नाही. किमान अट मात्र तुम्ही केव्हाच ओलांडली आहे, कारण गेल्या १० वर्षांत एकाच व्यवसायातील सलग एक वर्षाचे, म्हणजे १,५६० तासांचे, पगारी कुशल काम पुरते आणि तुमचा व्यवसाय कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातील टीअर २ या कुशल श्रेणीत मोडतो. पात्रता ठरवणाऱ्या गुणांत अनुभवाच्या तीन वर्षांचे ११ गुण मिळतात, चौथे पूर्ण झाले की १३.

मला खरी काळजी वाटते ती कंपनीकडून घ्यायच्या अनुभवाच्या दाखल्याची. ‘सदर कर्मचारी अमुक तारखेपासून कामावर आहे’ एवढ्या दोन ओळींवर भागत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकाऱ्याच्या सहीनिशी, पद, कालावधी, साप्ताहिक तास, पगार आणि प्रत्यक्ष काम लिहून घ्या. पदापुढे नुसते ‘ऑपरेटर’ असले तरी घाबरू नका, कारण हुद्द्यापेक्षा काम पाहिले जाते. पण ड्रॉइंग वाचून डाय घडवणे, जोडणे, मापे तपासणे हे त्यात स्पष्ट आलेच पाहिजे.