जुन्या डीटीपी (संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या) फॉन्टमधला लेख युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, नेताना अक्षरं का बिघडतात?
कारण त्या फॉन्टमध्ये अक्षर नव्हे, अक्षराचा आकार साठवलेला असतो. पहिली वेलांटी व्यंजनाआधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा. म्हणून कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) जोडाक्षरापाशी अडखळतो. 'स्थिती', 'वार्षिक' असे शब्द आधी शोधा.

कन्व्हर्टरमध्ये मूळ फॉन्टचं अचूक नाव निवडा आणि आधी एकच परिच्छेद बदलून बघा. मग मूळ छापील पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं तर डोंगरातून थेट समुद्रात! स्पेलचेकर ते पकडत नाही, दोन्ही शब्द शुद्धच आहेत. हे वाचन उपसंपादकानेच करावं, ऑपरेटरवर सोडू नये. मूळ फाइल मात्र जपून ठेवा.