टीप दे, पण टॅक्स बाजूला काढून

प्रिय मित्रा,

लास वेगासला पहिल्यांदाच निघाला आहेस, म्हणून लिहितो. मी तिथल्या कॅसिनोत 11 वर्षं ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलामागे डीलर म्हणून, म्हणजे पत्ते वाटायला, उभा होतो.

टीप जिंकल्यावरच द्यायची, हा समज आधी काढून टाक. डीलरचा पगार किमान वेतनाच्या आसपास. घर चालतं ते टीपवर. तू तासभर हरलास तरी त्याने तेवढाच वेळ तुला सांभाळून घेतलेलं असतं. उठताना एक चिप, म्हणजे पैशांऐवजी खेळात वापरतात ती चकती, त्याच्यासाठी ठेव. हातात देऊ नकोस, त्याला घेता येत नाही. टेबलावर पुढे सरकव आणि ‘तुमच्यासाठी’ म्हण. तो ती ट्रेच्या कडेवर टकटक वाजवेल, मग पेटीत टाकेल. वरच्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून. बहुतेक ठिकाणी ती पेटी सगळ्या डीलरांत वाटली जाते. तो टकटक आवाज मला अजून ऐकू येतो.

स्लॉटवर, म्हणजे जुगाराच्या मशीनवर, मोठी रक्कम लागली की मशीन थांबतं, कर्मचारी येतो, ओळखपत्र बघतो आणि डब्ल्यू-टू-जी हा जिंकलेल्या रकमेचा टॅक्स फॉर्म देतो. आधी 1,200 डॉलरला फॉर्म यायचा, 2026 पासून ती मर्यादा 2,000 आहे. ब्लॅकजॅकला फॉर्म येत नाही, म्हणून लोक टॅक्सच विसरतात. फॉर्म येवो न येवो, जिंकलेलं सगळं उत्पन्नच. आणि टीप त्यातून वजा होत नाही. 3,000 लागले, त्यातले 100 आनंदाने वाटलेस, तरी आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या लेखी 3,000च. म्हणून टॅक्सचे पैसे आधी वेगळ्या खिशात घाल, मग हवी तेवढी टीप दे.

हरलेले पैसे वजा मिळतात, पण जिंकलेल्या रकमेपुरतेच, तेही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सगळ्यांना मिळणारी ठरावीक वजावट सोडून आयटमाइज केलंस, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवलीस तर. त्यातही 2026 पासून तोट्याचा 90 टक्केच भाग धरतात. वर्षभरात 10,000 जिंकलास, 10,000 हरलास. हातात शून्य, आणि टॅक्स मात्र 1,000 डॉलरच्या उत्पन्नावर! तारीख, जागा, खेळ, किती घेऊन बसलास, किती घेऊन उठलास, हे त्याच रात्री लिही. सकाळी आठवत नाही, हे मी कितीतरी जणांचं पाहिलं आहे.

आई-बाबा भारतातून येऊन सोबत असतील तर त्यांना आधीच सांग: स्लॉटवर मोठी रक्कम लागली तर परदेशी पाहुण्यांचे 30 टक्के जागेवरच कापतात, ब्लॅकजॅकवर कापत नाहीत. पासपोर्ट मात्र खोलीत ठेवू देऊ नकोस.

तुझा,
काका