स्क्रिप्ट सेवा सुरू करते. पुढे लक्ष कोण ठेवणार?

प्रश्न : आमच्या संस्थेचा जुना लिनक्स सर्व्हर शेल स्क्रिप्टांच्या (आज्ञांची यादी असलेल्या मजकूर-फाइलींच्या) आधारे सुरू होत असे. त्या मला वाचता येत आणि हव्या तशा बदलता येत. नव्या सर्व्हरवर हे काम ‘सिस्टमडी’ हा प्रोग्रॅम करतो. हा बदल केवळ वेगासाठी झाला का? जुन्या स्क्रिप्ट तशाच ठेवल्या तर चालेल का?

उत्तर : वेग हे एक कारण होते. स्क्रिप्टमधील ‘ग्रेप’, ‘सेड’ यांसारख्या प्रत्येक किरकोळ आज्ञेसाठी वेगळी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) तयार करावी लागते आणि त्यात वेळ जातो. सिस्टमडीचे जनक लेनार्ट पोटरिंग यांनी २०१० मध्ये दाखवून दिले होते, की लॉगिन केल्यावर उघडलेल्या पहिल्या शेलचा (आज्ञा घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) प्रोसेस-क्रमांक त्यांच्या लिनक्स यंत्रावर १८२३, तर मॅकवर अवघा १५४ होता; म्हणजे तोवर लिनक्सवर कितीतरी अधिक प्रोसेस तयार झाल्या होत्या. तथापि वेग स्क्रिप्ट न सोडताही काही प्रमाणात वाढवता येतो. उबुंटूने २००६ मध्ये स्क्रिप्ट चालवण्यासाठी ‘बॅश’ या शेलच्या जागी हलके ‘डॅश’ आणले ते त्यासाठीच.

माझ्या मते खरी अडचण देखरेखीची आहे. स्क्रिप्ट सेवा (पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्रॅम) सुरू करते, तिचा प्रोसेस-क्रमांक एका फाइलीत लिहिला जातो आणि स्क्रिप्ट संपते. पुढे ती सेवा कोसळली आणि तोच क्रमांक कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) दुसऱ्या प्रोसेसला दिला, तर ‘स्टॉप’ म्हटल्यावर भलत्याच प्रोसेसचा बळी जाऊ शकतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक स्क्रिप्टकर्ता आपापल्या परीने तपासण्या लिहीत असे, आणि त्या तपासण्यांतच नव्या चुका शिरत. सिस्टमडी मात्र स्वतः क्रमांक एकची प्रोसेस असून कर्नलच्या ‘सीग्रुप’ सोयीने प्रत्येक सेवेच्या सर्व प्रोसेस एका गटात ठेवतो, त्यामुळे मूळ प्रोसेसपासून सुटलेली नातवंडेही त्याच्या नजरेतून निसटत नाहीत.

आपली खंत अगदीच अनाठायी नाही. पहिल्याच प्रोसेसवर इतका भार टाकणे अनेकांना रुचले नाही. ‘डेबियन’ या लिनक्स वितरणाच्या तांत्रिक समितीने २०१४ मध्ये सिस्टमडी निवडल्यावर नाराजांनी ‘डेव्हुअन’ हे वेगळे वितरण काढले. ‘फ्रीबीएसडी’ ही युनिक्सच्या कुळातील कार्यप्रणाली तर आजही स्क्रिप्टांवरच सुरू होते. मात्र सेवा कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणाऱ्या ‘युनिट फाइली’ही साध्या मजकुराच्याच असतात, म्हणजे त्याही वाचता-बदलता येतात, हे विसरू नये.

जुन्या स्क्रिप्टांवर आता विसंबू नये, कारण सिस्टमडीने त्यांचा आधार २०२३ मध्येच कालबाह्य ठरवून पुढे काढून टाकण्याचे जाहीर केले होते. फोल्डर तयार करणे, परवानग्या तपासणे अशी पूर्वतयारी छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवावी आणि ती युनिट फाइलीतून चालवावी. सेवाही त्याच स्क्रिप्टमधून सुरू करायची असेल, तर शेवटची ओळ ‘एक्झेक’ (exec) या आज्ञेने सुरू करावी, म्हणजे शेलची जागा प्रत्यक्ष सेवाच घेते. सेवेला पार्श्वभूमीत ढकलणारे ‘&’ हे चिन्ह मात्र आठवणीने काढावे. ते राहिले, तर स्क्रिप्ट संपताच सेवाही संपली असे सिस्टमडी समजतो आणि गटातील उरलेल्या प्रोसेस बंद करतो.