भौतिकी, गणित आणि क्वांटम कम्युनिकेशन अशा तिन्हीत मिळून संशोधन करता येतं का? आणि घरच्यांचा आधार मागायचा कसा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सैद्धांतिक भौतिकीत पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, मन गणितात जास्त रमतं, आणि गाइड क्वांटम कम्युनिकेशनमधला (प्रकाशाच्या एकेका कणातून, म्हणजे फोटॉनमधून, माहिती पाठवण्याच्या शास्त्रातला) विषय सुचवताहेत. तीन ठिकाणी पाय ठेवला तर एकही काम धड होणार नाही अशी धास्ती वाटते. शिवाय घरात तुम्ही दिवसभर काय करता हे कुणाला कळत नाही, तरी अजून तीन-चार वर्षं त्यांच्याच आधारावर काढायची आहेत. मी याच वाटेनं गेले आहे आणि दोन्ही ठिकाणी ठेचा खाल्ल्यात, म्हणून सविस्तर लिहिते.

हो, तिन्हीत मिळून संशोधन करता येतं. पण तीन विषय शिकायला बसू नका, आयुष्य पुरणार नाही. एकच वस्तू धरा आणि ती तिन्ही घरांत काय नावानं ओळखली जाते ते शोधा. माझ्यासाठी ती वस्तू 'चॅनल' ठरली, म्हणजे माहिती ज्यातून जाते तो मार्ग. फायबरवर काम करणाऱ्याला चॅनल म्हणजे काचेचा धागा, दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल प्रकाश गिळणारा. भौतिकीवाल्याला ती भोवतालाशी गुंतत जाणारी प्रणाली. गणितज्ञाला ते मॅट्रिक्सवर चालणारं, ट्रेस (कर्णावरच्या संख्यांची बेरीज) राखणारं एक 'पूर्ण-धन' रूपांतरण, बास. वस्तू एकच आहे हे लक्षात यायला मला फार वेळ लागला.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी एक गोष्ट सिद्ध करायच्या मागे होते. चॅनलमधून जाताना अवस्थेतलं जे हरवतं ते भोवतालात जातं. त्या भोवतालाचं वर्णन दोघांनी दोन तऱ्हांनी केलं, तर त्या दोन वर्णनांत फरक किती असू शकतो? आठ महिने गेले. शेवटी सिद्धता जमली. मी ती एका छोट्या सभेत फळ्यावर मांडत असताना मागच्या रांगेतल्या एका गणिताच्या प्राध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "हे स्टाइनस्प्रिंगचं प्रमेय आहे. १९५५चं." ऑपरेटर अल्जेब्रा या गणिताच्या शाखेतला तो निबंध फोटॉनबद्दल एक अक्षरही बोलत नाही, म्हणून माझ्या शोधात तो कधी आलाच नव्हता. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पण नंतरची दोन वर्षं माझं सगळं काम त्याच प्रमेयावर उभं राहिलं. कारण त्याचा सुरक्षिततेतला अर्थ सरळ आहे: फायबरमधून जे गळलं ते सगळं चोरून ऐकणाऱ्याच्या हाती पडलं असं धरायचं, आणि त्याला जास्तीत जास्त किती कळू शकतं याचा हिशोब त्या प्रमेयाच्या आधारे करता येतो. तुम्हाला मनापासून सांगते, गणित विभागात महिन्यातून एकदा तरी जाऊन बसा, आणि आपला प्रश्न भौतिकीचे शब्द काढून विचारा. माझे आठ महिने वाचले असते.

हे तिन्ही विषय एकमेकांना खरोखर काय देतात याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण अंतराचं आहे. १०० किलोमीटर फायबरमध्ये २० डेसिबल जातात, म्हणजे शंभरातला एक फोटॉन पोचतो. हे चालण्यासारखं आहे. १००० किलोमीटरला २०० डेसिबल. सेकंदाला १००० कोटी फोटॉन सोडले तरी पलीकडे एक पोचायला सरासरी ३०० वर्षांहून जास्त लागतील. नेहमीच्या इंटरनेटमध्ये वाटेत अँप्लिफायर बसवतात. इथे ते चालत नाही, कारण अनोळखी क्वांटम अवस्थेची नक्कल करता येत नाही (हे १९८२मध्ये वूटर्स-झुरेक आणि डीक्स यांनी वेगवेगळं दाखवलं). मग प्रश्न उरतो तो हा: मधे काहीही न ठेवता, कितीही हुशारी केली तरी, जास्तीत जास्त किती गुप्त बिट्स (संदेश कुलूपबंद करणाऱ्या किल्लीचे ०-१ अंक) मिळू शकतात? याचं नेमकं उत्तर २०१७मध्ये पिरांडोला आणि सहकाऱ्यांनी दिलं. फोटॉन पोचण्याची शक्यता कमी असते तेव्हा चॅनलच्या दर वापराला त्या शक्यतेच्या सुमारे १.४४ पट बिट्स, त्याहून एक कणही जास्त नाही. निव्वळ गणिती सिद्धता. आणि ती भिंत नेमकी कुठे आहे हे समोर आल्यावर पुढच्याच वर्षी, २०१८मध्ये, प्रयोगाच्या बाजूच्या माणसांनी ट्विन-फील्डची कल्पना मांडली. दोन्ही टोकांकडून प्रकाश मधल्या केंद्रावर आणायचा, तिथे त्यांचं व्यतिकरण (लाटांचं एकमेकींत मिसळणं) घडवायचं, आणि त्या केंद्रावर विश्वास ठेवायची गरजही नाही. मिळणाऱ्या बिट्सचा दर आता पोचण्याच्या शक्यतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. दहा लाखांत एक पोचत असेल तर हिशोब हजारांत एक असल्यासारखा होतो. प्रमेय मोडलं नाही, त्याची 'मधे काही नको' ही अट बाजूला ठेवली. असं काही वाचलं की मला आजही रात्री झोप येत नाही.

गणिताची ओढ ही विषयापासून भरकटणं आहे असं तुम्ही लिहिलंय. तसं मानू नका. सहा पलटणी, सहा हुद्दे, असे ३६ अधिकारी चौकोनात उभे करायचे, कुठल्याही ओळीत वा स्तंभात ना पलटण पुन्हा यावी ना हुद्दा. ऑयलरला १८व्या शतकात वाटलं की हे अशक्य आहे, आणि ६, १०, १४, १८ अशा सगळ्याच आकारांना अशक्य असावं. ६बद्दल तो बरोबर होता, हे तारी यांनी १९०० च्या सुमारास दाखवलं. १० पासून पुढे मात्र त्याचा अंदाज साफ चुकीचा होता, आणि तो खोडणाऱ्या तिघांत राज चंद्र बोस आणि पार्कर यांच्यासोबत आपले शरदचंद्र श्रीखंडे होते, १९५९मध्ये. प्रकरण तिथे मिटलं असं सगळे धरून चालले. मग २०२२मध्ये काही भौतिकीवाल्यांनी विचारलं, अधिकारी एकाच वेळी एकाहून जास्त हुद्द्यांच्या आणि पलटणींच्या मिश्रणात असू शकला तर? ३६ची मांडणी जमली. त्यातून सहा-सहा स्तर असलेल्या चार कणांची अशी कमाल गुंतलेली (एकमेकांशी जास्तीत जास्त जोडलेली) अवस्था मिळाली जी असते की नाही हेच तोवर ठाऊक नव्हतं, आणि तिचा उपयोग चुका सुधारणाऱ्या कोडमध्ये होतो. तेव्हा गणित वाचा, बिनधास्त वाचा.

आता घरचं. हे लिहायला मला जास्त जड जातंय.

सैद्धांतिक कामाची अडचण अशी की ते दिसत नाही. प्रयोगशाळेतला माणूस घराबाहेर जातो, त्याची वेळ ठरलेली असते. आपण खिडकीपाशी बसून भिंतीकडे बघत असतो. माझ्या थिसिसच्या काळात आई अंथरुणाला खिळली होती. मी घरातच होते, तरी सगळं ताई बघत होती, स्वतःची नोकरी सांभाळून. मला विचारलं की मी "होत आलंय, थोडंच राहिलंय" म्हणायचे. थोडंच राहिलेलं ते दीड वर्ष चाललं.

आईच्या उशाशी एक रेघांची वही असायची. ताईनं पट्टीनं रकाने आखले होते: वेळ, औषध, शुगर, आणि शेवटी कोणी दिलं. एकदा ताईला बाहेरगावी जावं लागलं, म्हणून मी वही उघडली. चार महिन्यांची पानं होती. शेवटच्या रकान्यात माझं अक्षर अकरा ठिकाणी होतं. मी दोनदा मोजलं. पहाटे दोनच्या नोंदी होत्या, तीनच्या होत्या, काही ठिकाणी झोपेत लिहिल्यासारखं अक्षर ओळ सोडून खाली घसरलं होतं. त्याच रात्री पलीकडच्या खोलीत मी माझा पेपर सुधारत बसलेली असणार.

घरच्यांनी आपलं काम समजून घ्यावं अशी अपेक्षा मी तेव्हापासून सोडली. आधार म्हणजे समजणं नव्हे. आधार म्हणजे तास, आणि ते कुणाच्या तरी झोपेतून किंवा नोकरीतून निघतात. म्हणून मागायचे ते तास मागा, आणि नेमके मागा. मी ताईला सांगितलं: सकाळी सहा ते दहा मला कुणी हाक मारू नका, संध्याकाळी सातनंतर वही माझी, रात्रीच्या दोनची गोळीही माझी. पेपर चार महिने लांबला. गाइडना खरं कारण सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. दुसरं, फेलोशिप कोणत्या महिन्यात संपते ती तारीख घरात मोठ्यानं सांगा, पुढे काय होईल ते माहीत नसलं तरी. "होत आलंय" हे वाक्य मात्र वापरू नका. त्याऐवजी आज कुठे अडलंय ते एका वाक्यात सांगा. समोरच्याला सिद्धता कळत नाही, पण अडणं सगळ्यांना कळतं.

आणि कधीतरी दाखवाही. मी ताईला पोलरायझरचे (एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश आरपार सोडणाऱ्या पट्टीचे) तुकडे दाखवले होते. दोन तुकडे आडवे-उभे धरले की अंधार. मधे तिसरा तिरपा सरकवला की उजेड परत येतो! ती उठून खिडकीपाशी गेली आणि स्वतः करून बघितलं. मग मी तिला बेनेट आणि ब्रासार्ड यांची १९८४ची पद्धत सांगितली: फोटॉन कधी सरळ, कधी तिरपा पाठवायचा, आणि मधे चोरून ऐकणाऱ्यानं प्रत्येक फोटॉन पकडून, मोजून पुढे धाडला तर जुळणाऱ्या बिट्समध्ये २५ टक्के चुका उमटतात. ताई म्हणाली, "पण धागाच मुळात खराब असला, तर चुका त्याच्याही असतील ना? मग चोर कोण ते कळणार कसं?" माझ्या विषयातला हा मध्यवर्ती प्रश्न आहे. मी म्हटलं, कळत नाही, म्हणून सगळ्या चुका चोराच्याच धरतो, आणि त्या साधारण ११ टक्क्यांच्या खाली असल्या तरच किल्ली वापरतो. ती म्हणाली, "मग धागा चांगला करणाऱ्यांशी बोलतेस की नाही?" तोवर मी बोलत नव्हते. प्रयोगवाल्या गटाशी माझं पहिलं संयुक्त काम त्यानंतर सुरू झालं.

तुम्हाला हे घरी करायचं असेल तर तीन तुकडेही लागत नाहीत. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनमधून येणारा प्रकाश आधीच ध्रुवीकृत (एकाच दिशेनं कंप पावणारा) असतो. खोलीत थोडा अंधार करा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल समोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात काच काळी पडेल. तिथेच हात थांबवा. आता तशाच दुसऱ्या गॉगलची काच स्क्रीन आणि पहिल्या काचेच्या मधे घाला, पंचेचाळीस अंश तिरकी. पहिला गॉगल तुम्ही धरा, मधला घरातल्या माणसाच्या हातात द्या.