शब्दशंका : ‘नॅक’ ही स्तुती की टोमणा?

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकते. तिच्या प्रगतिपुस्तकावर गणिताच्या बाईंनी ‘शी हॅज अ नॅक फॉर नंबर्स’ असा शेरा लिहिला आहे. घरातील शब्दकोशात ‘नॅक’पुढे हातोटी, कसब आणि युक्ती असे तीन अर्थ सापडले. तिचे आजोबा निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना ‘नॅक’ म्हटले की महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी येणारी समितीच आठवते. बाईंनी मुलीच्या उपजत बुद्धीचे कौतुक केले आहे, की ती काही युक्तीने गणिते उरकते असे सुचवले आहे?
— एक पालक, सांगली

उत्तर : आजोबांचा ‘नॅक’ निराळा. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करण्यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या आणि बंगळूरू येथे मुख्यालय असलेल्या परिषदेच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जोडून तो तयार झाला आहे. बाईंचा ‘नॅक’ इंग्रजीत ‘के’ या अक्षराने सुरू होतो, मात्र त्या ‘के’चा उच्चार होत नाही. एके काळी तो होत असे, आणि इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत अशा शब्दांतला ‘क’ आजही स्वच्छ ऐकू येतो.

शेरा कौतुकाचाच आहे, याबद्दल निश्चिंत असावे. परंतु आपल्याला आलेली शंका अगदीच निराधार नाही, कारण या शब्दाचे पूर्वचरित्र फारसे सोज्ज्वळ नाही. १४व्या शतकातील इंग्रजीत ‘नॅक’ म्हणजे लबाडी, हातचलाखी. पुढे त्याला चातुर्याने बनवलेली पण फारशा किमतीची नसलेली वस्तू, खेळणे, शोभेची चीज असाही अर्थ आला. मराठी रंगभूमीला ‘त्राटिका’ या रूपांतरामुळे परिचित असलेल्या शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकात नायक पत्नीसाठी आणलेल्या टोपीची टर उडवतो, तेव्हा तो त्या टोपीला अक्रोडाचे कवच, ‘नॅक’, खेळणे, तान्ह्या मुलाचे टोपरे अशी एकामागून एक नावे ठेवतो. दिवाणखान्यातील कपाटात मांडून ठेवलेल्या किरकोळ वस्तूंना इंग्रजीत ‘निक-नॅक’ म्हणतात, त्यात हा जुना अर्थ अजून शिल्लक आहे. लबाडीतली ‘लबाडी’ हळूहळू गळाली आणि हातचलाखीतला ‘हात’ तेवढा उरला, तेव्हा आजचा अर्थ सिद्ध झाला : एखादे विशिष्ट काम सहज आणि नेमके साधण्याची क्षमता. ती जन्मजात असू शकते, सरावाने आलेलीही असू शकते. ‘नॅक’ हा शब्द त्याबाबत मौन पाळतो, आणि हेच त्याचे वैशिष्ट्य आहे.

मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘हातोटी’. ‘अवघड विषय सोपा करून सांगण्याची त्यांची हातोटी’ हे वाक्य आपण सत्कारसमारंभांत इतक्या वेळा ऐकलेले असते, की त्यातला हात आता कोणाला दिसतही नाही. बोलण्याचीही हातोटी असते आणि लिहिण्याचीही. तथापि इंग्रजीत या शब्दाचे तीन-चार वापर आहेत आणि प्रत्येक ठिकाणी ‘हातोटी’ बसत नाही.

उकडीच्या मोदकाचे उदाहरण घेऊ. उकड किती मळावी, पारी किती पातळ असावी, सारण किती भरावे हे कृतीत लिहिता येते. पण कळ्या पाडताना तेल-पाण्याचा हात लावलेला अंगठा पारीच्या आत, दोन बोटे बाहेर, चिमटा तळाशी जाड आणि कडेला निमुळता, आणि पुढची कळी घेताना आधीची मिटता कामा नये, हे सांगून येत नाही. अशा वेळी इंग्रजी माणूस ‘देअर इज अ नॅक टू इट’ असे म्हणेल, म्हणजे नॅक येथे माणसाकडे नसून कामातच असते. आपण म्हणतो, ‘त्यात एक खुबी आहे.’ पहिले दहा-बारा मोदक फाटल्यानंतर एखादा सुबक उतरतो आणि मग उतरतच राहतो. त्या क्षणाला इंग्रजीत ‘गेटिंग द नॅक ऑफ इट’ म्हणतात आणि मराठीत ‘हात बसला’ म्हणतात. माझ्या मते ‘हात बसणे’ हा वाक्प्रचार मूळ इंग्रजीपेक्षाही सरस आहे. शब्दकोशांनी त्याला या शब्दापुढे जागा द्यावयास हवी होती.

माणसाबद्दल बोलताना ‘फॉर’ आणि ‘ऑफ’ अशी दोन शब्दयोगी रूपे येतात. ‘फॉर’नंतर विषय किंवा क्रिया, ‘ऑफ’नंतर बहुधा क्रियाच. क्रिकेटच्या समालोचनात हा प्रयोग सर्रास ऐकू येतो. पुण्याचा केदार जाधव मूळचा फलंदाज. ७३ एकदिवसीय सामन्यांत त्याने २७ बळी घेतले, त्यामुळे आकड्यांवरून त्याला कोणी मोठा गोलंदाज म्हणणार नाही. पण कमरेत वाकून, हात जवळजवळ आडवा ठेवून त्याने टाकलेल्या संथ चेंडूवर जमलेली जोडी फुटत असे. अशा गोलंदाजाकडे जोडी फोडण्याचा ‘नॅक’ आहे असे म्हणतात आणि ते यथायोग्य असते. मात्र सचिन तेंडुलकरकडे फलंदाजीचा ‘नॅक’ होता असे कोणी म्हटले, तर ऐकणारा हसेल. ज्या कामात आयुष्य खर्ची पडले त्याला हा शब्द लावणे म्हणजे त्या कामाला छोटे करणे होय.

उपरोधातही हा शब्द रमतो. नेमके नको ते बोलून बसण्याचा नॅक, ताटे मांडली की दारात उभे राहण्याचा नॅक, आणि निर्जीव वस्तूंच्या बाबतीत, ऐन पावसात हरवण्याचा छत्रीचा नॅक. येथे मराठीत ‘हातोटी’ क्वचित चालते. ‘हातखंडा’ किंवा सरळ ‘खोड’ हे शब्द अधिक नेमके ठरतात.

आता आपल्या कन्येकडे येऊ. शिक्षक प्रगतिपुस्तकावर ‘नॅक’ लिहितात तेव्हा मुलाला विषय चटकन उमगतो, त्याला फार झटावे लागत नाही, एवढेच त्यांना सांगायचे असते. मराठीत याला एक जुना आणि सुरेख शब्द आहे, ‘गती’. ‘आकड्यांमध्ये हिला चांगली गती आहे’ असा तो शेरा आपण वाचावा. आजोबांनाही तो पटेल.

प्रश्न : मी क्रीडाशिक्षक आहे. ‘टॅलेंट’ हा शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा वापरतो. त्याचा मूळ अर्थ वजन असा होता हे खरे आहे काय? ‘टॅलेंटेड’ हे रूप अशुद्ध आहे असे एका निवृत्त सहकाऱ्यांनी सांगितले, ते बरोबर आहे का? आणि मराठीत याला एक शब्द कोणता?
— नाशिक

उत्तर : खरे आहे. ग्रीक भाषेत ‘तालांतोन’ म्हणजे तराजू, मग तराजूत घातलेले वजन, मग तेवढ्या वजनाची चांदी. अथेन्समध्ये प्रचलित असलेला टॅलेंट सुमारे २६ किलोंचा होता आणि त्याचे ६,००० द्राख्मे (तेथील चांदीची नाणी) होत. वजनाचा गुण कसा झाला, याचे उत्तर बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात आहे. परदेशी निघालेला धनी आपल्या तीन दासांना त्यांच्या त्यांच्या कुवतीप्रमाणे पाच, दोन आणि एक टॅलेंट देतो. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात, तिसरा ती जमिनीत पुरून ठेवतो आणि धन्याचा रोष ओढवून घेतो. धर्मोपदेशकांनी या पैशाचा अर्थ ‘ईश्वराने दिलेले गुण’ असा लावला, आणि १५व्या शतकापर्यंत इंग्रजीत पैसा मागे पडून गुण पुढे आला. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात मात्र टॅलेंटच्या जागी हजारांच्या हिशेबात रुपये आले आहेत. वाचकाला कथा कळते. शब्दाचा हा प्रवास कळत नाही.

आपल्या सहकाऱ्यांचा आक्षेप जुना आणि मातब्बर आहे. कवी कोलरिज यांनी १८३२ मध्ये ‘टॅलेंटेड’ या रूपावर आग पाखडली होती. नाण्याच्या नावापासून असे विशेषण होणार असेल तर मग ‘शिलिंग्ड’ आणि ‘फार्दिंग्ड’ का नको, असा त्यांचा सवाल होता. तर्क बिनतोड होता, पण लोकांनी तो ऐकला नाही. आज हे रूप पूर्णपणे शुद्ध मानले जाते.

एक शब्द मात्र मिळणार नाही. ‘टॅलेंट सर्च’ परीक्षेला आपण ‘प्रज्ञाशोध’ म्हणतो, तेथे बुद्धी अभिप्रेत आहे. कवीच्या बाबतीत ‘प्रतिभा’ येते, पण कबड्डीपटूला प्रतिभावान म्हणणे वर्तमानपत्रांनी कितीही रूढ केले तरी मला ते अजून जड वाटते. नट, गायक, खेळाडू यांच्यासाठी ‘गुणी’ हा शब्द नेमका आहे, फक्त ‘गुणी मुलगी’ म्हटले की अर्थ बदलून ती शहाण्यासारखी वागणारी ठरते. बोलीत आपण गुण थेट अवयवातच ठेवतो : कोणाच्या हाताला चव असते, वैद्याला हातगुण असतो, कोणाचा कान तयार असतो, आणि कोणाला गाण्याचे अंग असते. यातील शेवटच्या प्रयोगाइतके ‘टॅलेंट’च्या जवळ दुसरे काही जात नाही, कारण अंग असणे म्हणजे गाणे येणे नव्हे, रियाजापूर्वी जे हाती असते ते. टॅलेंटचेही तसेच. वीस वर्षांच्या खेळाडूला ‘टॅलेंटेड’ म्हणणे हे कौतुक आहे, पस्तिशीतल्या खेळाडूला तसे म्हणणे ही बहुतेक वेळा तक्रार असते.

मराठीत ‘टॅलेंट’ नपुंसकलिंगी चालवावे. ‘तिच्यात टॅलेंट आहे’ ठीक. ‘टॅलेंट शिकवले’ मात्र लिहू नये, कारण शिकवले जाते ते कौशल्य.

प्रश्न : ‘फ्लेअर’ या शब्दाची दोन स्पेलिंगे आढळतात. उपजत गुण या अर्थी कोणते?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : ‘ए’ आणि ‘आय’ एकत्र असलेले. हा शब्द फ्रेंचमधून आला. तेथे त्याचा संबंध वास घेण्याशी, शिकारी कुत्र्याच्या नाकाशी आहे. मुरलेल्या वार्ताहराला ‘बातमीचा वास लागतो’ असे आपण म्हणतो, तोच हा गुण. आता त्यात ऐटीची, शैलीची छटाही मिसळली आहे. शेवटी ‘ए-आर-ई’ असलेला फ्लेअर म्हणजे ज्वाळेचा भडका, किंवा खाली पसरत गेलेला झग्याचा घेर. उच्चार दोन्हींचा सारखाच असल्याने चांगल्या इंग्रजी वृत्तपत्रांतही यांची अदलाबदल झालेली दिसते.